‘म्हून’ म्हणायचा हक्क

आमचे सर वर्गात आले की आधी खिडकी उघडायचे, मग पंखा बंद करायचे, आणि मग हाताची घडी घालून कोणाच्या तोंडून ‘म्हून’ निसटतो याची वाट बघत उभे राहायचे. ‘म्हून’ म्हणजे पुस्तकातलं ‘म्हणून’. आमच्या दारव्ह्याकडं एवढा लांबलचक शब्द बोलत बसायला वेळ कोणाला आहे? तर या शब्दाला सरांच्या वर्गात बंदी होती. कोणी म्हणालं, ‘सर, काल एकादशी होती म्हून माझं डोकं दुखलं,’ की सरांचा हात वर. मग त्या पोट्ट्यानं उभं राहून तेच वाक्य पुन्हा म्हणायचं : काल एकादशी होती अन् माझं डोकं दुखलं. ‘अन्’ चालायचं. ‘अन्’ म्हणायला पुरावा लागत नाही, सर सांगायचे. दोन गोष्टी घडल्या, आपण दोन्ही पाहिल्या, संपलं. ‘म्हून’ म्हणायचा हक्क मात्र कमवावा लागतो, आणि तो तुम्ही अजून कमावलेला नाही.

सर मानसशास्त्र शिकवायचे. पेपर होता संशोधन पद्धतींचा, आणि त्यातला एकच धडा त्यांनी आम्हाला वर्षभर शिकवला असं म्हटलं तरी चालेल. तो म्हणजे सहसंबंध. बाकीचे धडे त्यांनी शेवटच्या पंधरा दिवसांत उरकले, उशिरा आलेल्या पंगतीला वाढतात तसे. सहसंबंध म्हणजे काय, तर दोन गोष्टी सोबत वाढतात, की एक वाढली की दुसरी घटते, की दोघी एकमेकींना ओळखतच नाहीत, हे मोजायचं. मोजून जो आकडा येतो तो अधिक एक आणि उणे एक यांच्या मधे कुठंतरी बसतो. पुस्तकात हे सगळं दीड पानात आहे. पण सरांचा खरा जीव होता त्याच्या पुढच्या एका ओळीत, की आकडा कितीही तगडा आला तरी त्यावरून कोणामुळं काय झालं हे ठरत नाही. ते फळ्यावर दोन गोल काढायचे आणि विचारायचे, ‘दोघं संगं दिसले म्हून काय त्यायचं लगन लागलं?’

या वाक्यात सरांनी स्वतःच ‘म्हून’ वापरला आहे, हे पहिल्यांदा मीच दाखवलं होतं. मी तशी तोंडाची फटकळ. सर एवढे खूश झाले की त्यांनी मला पुढं बोलावून खडू बक्षीस दिला.

हा आजार वर्गापुरता असता तर ठीक होतं. घरीही तेच. पण त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यांच्यापेक्षा सवाई निघाल्या. एकदा आम्ही तिघी-चौघी प्रॅक्टिकलच्या वह्या घेऊन त्यांच्या घरी गेलो तर सर जेवत होते. भाजी खारट झाली असावी. सर काकूंना म्हणाले, तुझं लक्ष सीरियलमधे होतं म्हून... आणि त्यांनी जीभ चावली. काकू वाटीत वरण वाढता वाढता शांतपणे बोलल्या, ‘मी सीरियल पाह्यली अन् भाजी खारट झाली. पुढं बोला.’ खारट भाजी सरांनी निमूट संपवली आणि वर आम्हालाच टोमणा मारला की पाहा, ही शिकली, तुम्हीच तेवढ्या राहिल्या.

सरांची एक जुनी स्कूटर होती. तिला रोज सकाळी आधी एका अंगावर आडवी करायची, मग उभी करायची, मग किका मारायच्या. किती किका लागल्या ते सर वहीत लिहायचे, आणि शेजारच्या रकान्यात लिहायचे त्या सकाळचा काकूंचा राग, दहापैकी किती तो. काकूंना न विचारता, नुसता स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावरून. वर्षभराचे आकडे मांडून त्यांनी सहसंबंध काढला तर तो जवळजवळ शून्य आला. दुसऱ्या कोणी वही रद्दीत दिली असती. सरांनी वर्गात पेढे वाटले. आम्हाला कळेना यात आनंद कसला. तर म्हणे, इतकी वर्षं मी समजत होतो की गाडी सुरू नाही झाली की हिचं डोकं फिरते. आता समजलं, गाडी वेगळी, बाई वेगळी. मी फुकट घाबरून राह्यलो होतो.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी फारच हुशार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावात दोन गोष्टी मोजायला सांगितल्या होत्या. मी बोरी अरबची. मी आमच्या गल्लीतले सुरू असलेले कूलर मोजले आणि त्याच गल्लीतली भांडणं मोजली. ज्या दिवशी कूलर जास्त, त्या दिवशी भांडणं जास्त. आकडा असा झकास आला की माझी छाती फुगली. मी अहवालात शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘यावरून कूलर बंद ठेवल्यास गावात शांतता नांदेल.’ सरांनी ते वाक्य वर्गात वाचलं, मग स्टाफरूममधे वाचलं, मग प्राचार्यांना वाचून दाखवलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मला म्हणाले, पोरी, मे महिन्यात एक दिवस गल्लीतले कूलर खरंच बंद करून पाहा, मग समजेल शांतता. ऊन नावाचा तिसरा माणूस तुझ्यासमोर बसलेला होता, तोच कूलर लावत होता अन् तोच भांडणं लावत होता, आणि तू त्याचं नावसुद्धा लिहिलं नाहीस.

तिसरा शोधा, हे त्यांचं कायमचं सांगणं. आणि दुसरं, कोण पुढं अन् कोण मागं ते पाहा.

एकदा त्यांनी आमची सगळ्यांची उघड्या मैदानात वरात काढली. कबड्डीच्या मैदानावर चुन्याच्या दोन रेषा मारल्या. आडव्या रेषेवर दिवसाचे मोबाईलचे तास, उभ्या रेषेवर झोपेचे तास. ज्याने त्याने आपल्या खऱ्या आकड्यावर जाऊन उभं राहायचं. सर स्वतः पाण्याच्या टाकीवर चढले. वरून बघून ओरडले की काय सुंदर दिसून राह्यले तुम्ही, आणि खरंच आमची डावीकडून उजवीकडं उतरत गेलेली एक तिरपी रांग झाली होती. मोबाईल जास्त, झोप कमी. तेवढ्यात चौकीदाराला वाटलं पोरांनी आंदोलन केलं. त्याने प्राचार्यांना आणलं. प्राचार्यांनी वर मान करून सरांना विचारलं, मुलांची मागणी काय आहे? सर टाकीवरून म्हणाले, ‘मागनी काही नाही सर, उणे सहसंबंध आहे.’

प्राचार्य कपाळाला हात लावून गेले. मग सरांनी आम्हाला विचारलं, मोबाईलनं झोप जाते, की ज्याला झोप येत नाही तो मोबाईल घेऊन बसतो? अर्धा वर्ग हे म्हणाला, अर्धा ते. रांगेच्या पार खालच्या टोकाला उभा असलेला एक पोट्टा मात्र हळूच बोलला, ‘सर, आमच्या वावरातल्या पंपाले रातची लाईन हाय. मी रातभर पानी देऊन ओलित करतो, अन् टाइमपासले मोबाईल पाहतो.’ सर टाकीवरून एवढ्या घाईनं उतरले की त्यांची पँट शिडीच्या खिळ्याला अडकून फाटली. त्यांना त्याचं भान नव्हतं. त्या पोट्ट्याला मिठी मारून ते म्हणत होते, तिसरा सापडला! मग फाटक्या पँटीवर रुमाल धरून त्यांनी पुढचा तास घेतला.

असा हा माणूस. आता माझ्यावर काय वेळ आली होती ते सांगते, म्हणजे मी त्यांचं एवढं काहून सांगून राह्यले ते कळेल.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मला दिग्रस रस्त्यावरच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगा कृषी केंद्रात कामाला, घरी वावर, आई-वडील दोघंच. पाहायला आला तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून त्याने विचारलं, तुम्हाला काय आवडते? मी घाबरून बोलून गेले, शून्य सहसंबंध. तो मोठ्यानं हसला, आणि हसता हसता विचारलं की तो कसा असते. मला तो तिथंच आवडला, खोटं कशाला बोलू? दिवाळी झाल्यावर आमच्या घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. आईने बासुंदी केली. सगळे पोट फुटेस्तोवर जेवून गेले.

तिसऱ्या दिवशी मुलाचे वडील मोटरसायकलवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. पाचव्या दिवशी त्यांच्या विहिरीवरची मोटार जळाली. आठव्या दिवशी दुभती म्हैस आटली. नवव्या दिवशी मध्यस्थ आमच्या घरी येऊन खाली मान घालून बसला. मुलाच्या आईने निरोप पाठवला होता : पोरीचा पायगुण बरा नाही. अजून पाय पडला नाही तं हे, पडल्यावर काय होईन? सोयरीक मोडून टाकू.

बाबांची गावात पिठाची गिरणी. ते गिरणीत जाऊन बसले. आई रडायला लागली, कारण पायगुणावरून मोडलेल्या पोरीला पुढं कोण विचारतं? आणि मला पुढचं कोणी नकोच होतं. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, मी आईले समजावून राह्यलो. एवढी वर्षं झाली, तो अजून समजावूनच राह्यला आहे, ती गोष्ट वेगळी.

मी बस पकडून सरांच्या घरी गेले. दारातच रडू फुटलं. हुंदके देत सांगायला लागले की सर, माझं साक्षगंध झालं म्हून त्यांचा पाय मोडला... तर सरांचा हात वर. मी रडतेय, नाक गळतंय, आणि या माणसाचा हात वर! माझं डोकंच फिरलं. मी ओरडले की सर, हे मी नाही म्हणत, ते म्हणून राह्यले! काकू आतून आल्या आणि त्यांनी सरांचा हात धरून खाली केला. म्हणाल्या, ‘पोरगी रडून राह्यली अन् तुमी व्याकरन तपासता?’

सर ओशाळले. मग त्यांनी मला पाणी दिलं, खुर्चीवर बसवलं आणि सगळं विचारून घेतलं, कोणत्या दिवशी काय झालं ते. शेवटी म्हणाले, ज्यांनी ‘म्हून’ म्हटलं त्यांच्याकडंच जावं लागेल. काकू म्हणाल्या, असं मुलीकडच्यांनी जायची रीत नाही. सर म्हणाले, मी मुलीकडचा नाही, मी संशोधक आहे. यावर काकूंनी डोळे मिटून घेतले आणि चपला घातल्या.

काकू अन् मी काळीपिवळी जीपनं गेलो, सर स्कूटरवर निघाले. आम्ही आधी पोचलो. मुलाच्या घराच्या अगदी कोपऱ्यावर नळाच्या पाइपासाठी खोदलेली नाली होती, वर अर्धवट माती लोटलेली, नुसती बघितली तर रस्ताच वाटावा अशी. मी काकूंना म्हणतच होते की इथं सांभाळून, तेवढ्यात सरांची स्कूटर वळणावरून आली आणि पुढच्या चाकासकट नालीत. सर मातीत बसलेले, चष्मा एका कानाला. त्याच घरातून एक बाई हळदीची वाटी घेऊन धावत आल्या. तीच माझी होणारी सासू. त्यांनी हा माणूस कोण, कुठला, काही विचारलं नाही. गुडघ्याला हळद दाबली आणि म्हणाल्या, अवघड झालं बाप्पा या नालीचं.

सरांनी मातीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न टाकला, इथं आणखी कोण कोण पडलं? बाईंनी बोटं मोजली. दूधवाला पडला, शाळेतले मास्तर पडले, समोरची म्हातारी पडली, अन् आमचे हे. नाली कधी खोदली? पोराच्या साक्षगंधाच्या सांजीले. सरांचे डोळे चमकले. त्या दूधवाल्याच्या घरी कोणाचं साक्षगंध होतं काय? नाही जी. मास्तरांच्या? नाही जी. आणि माझ्या घरी तर मुलगीच नाही, सर म्हणाले, तरी मी पडलो.

तेव्हा बाईंची नजर माझ्यावर गेली. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. चेहरा एकदम बंद झाला. पण गुडघा फुटलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं आमच्याकडं कोणाला जमत नाही. त्यांनी सर्वांना आत बोलावलं.

मुलगा कृषी केंद्रात गेलेला, सासरे बाजेवर प्लास्टरचा पाय लांब करून बसले होते. सरांनी एक सूप मागितलं आणि मूठभर तुरी. काकूंनी खराट्याच्या दोन काड्या मोडून सुपात एक आडवी, एक उभी अशा ठेवल्या. झाले चार खण. तोवर शेजारच्या बायांना वास लागलाच होता. दहा-बारा जणी ओसरीवर येऊन टेकल्या. सरांनी समजावलं : वरच्या दोन खणांत ती घरं, जिथं यंदा लग्न नाहीतर साक्षगंध झालं. खालच्या दोन खणांत, जिथं काही झालं नाही. डावीकडं ज्यांच्या घरी काही इपरीत घडलं ते, उजवीकडं ज्यांच्या घरी नाही घडलं ते. एका घराचा एक दाणा.

साक्षगंध अन् इपरीत, या खणात दाणे टाकायला बायांच्यात चढाओढ लागली. प्रत्येकीला कोणाची तरी गोष्ट माहीत. पण साक्षगंध झालं अन् काहीच झालं नाही, हा खण रिकामाच. सर थांबून राहिले. एक जण म्हणाली, त्यात सांगासारखं काय हाय? सर म्हणाले, तेच तर सांगा. मग हळूहळू आठवायला लागलं. हिच्या भाच्याचं लग्न झालं, काही नाही झालं. तिच्या नणंदेचं झालं, उलट तिला नोकरी लागली. आणि लग्न नसताना पडलेले, जळालेले, आटलेले तर इतके निघाले की खालचा डावा खणही वरच्याइतकाच भरला. बाया आपापलं दुखणं एकमेकींवर वरचढ करून सांगू लागल्या. कोणाची मोटार तर दोनदा जळाली होती. शेवटी सुपात चारही खणांत दाणे पसरलेले होते आणि कोणत्या एका जागी रास अशी नव्हतीच. बाया माझ्याकडं जरा माणसासारखं बघायला लागल्या. मला वाटलं, जिंकलो.

आणि नेमके तेव्हाच सासरे खाकरले. म्हणाले, खरं सांगू का सर, नाली तं मले दिसली होती. पन मी एका हातानं फोनवर बोलून राह्यलो होतो. साळ्याले सांगत होतो, साक्षगंधातली बासुंदी काय फक्कड होती.

मी सरांकडं बघितलं. डोळ्यांनीच सांगितलं की सर, आता गप्प राहा, देवाच्यान गप्प राहा. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, ‘असं असन तं जरासा संबंध येते.’

मला तिथंच रडू आलं. काकूंनी मांडीवर हात मारून घेतला. या माणसाला एक दिवस, एकच दिवस, जरासं गोलमाल बोलता आलं नसतं? बाया उठून हळूहळू पांगल्या. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या सरांकडं बघत होत्या. त्यांच्या मुठीत एक तुरीचा दाणा तसाच होता, त्यांच्या स्वतःच्या घराचा. तो त्यांनी कोणत्याच खणात टाकला नव्हता.

‘सर,’ त्या म्हणाल्या, ‘तुमी आपल्या पोरीसाठीबी खोटं नाही बोलले. मंग मले एक सांगा.’

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. त्या लग्न होऊन या घरात आल्या आणि महिन्याच्या आत त्यांचे सासरे वारले. तेव्हापासून त्यांच्या सासूने त्यांना खळ्यात पाय ठेवू दिला नाही. धान्याची रास पडली की यांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहायचं, पाणी तिथूनच द्यायचं. सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, आता मना करणारं कोणी नव्हतं. पण त्या अजूनही धुऱ्यावरच उभ्या राहत होत्या. म्हणाल्या, मले वाटलं, आपल्या घरात आनखी एक तशीच नको यायले. तिनंबी जलमभर धुऱ्यावर उभं राहाचं काय?

बाजेवरचे सासरे खाली बघत होते. त्यांना हे सगळं माहीत होतं आणि ते कधी काही बोलले नव्हते, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

सरांनी विचारलं, तुमचे सासरे आधीपासून आजारी होते काय? बाई म्हणाल्या, दोन वर्सांपासून खाटेवर होते. आणि तुमचं लग्न एवढ्या घाईत काहून झालं? बाई म्हणाल्या, ‘ते बिमार होते म्हून. त्यायले डोये मिटायच्या आंधी पोराचं लगन पाहाचं होतं.’

मी सवयीनं सरांच्या हाताकडं बघितलं. हात मांडीवरच होता.

‘बाई,’ सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता, ‘हा म्हून बरोबर हाय. ते बिमार होते म्हून तुमी आल्या. तुमी आल्या म्हून ते गेले नाही. तुमाले इतके वर्सं लोकायनं उलटं वाचून दाखवलं.’

सासूबाई पदर तोंडाला लावून तशाच बसून राहिल्या, आणि काकू उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी तर हमसून हमसून रडत होते, माझ्यासाठी की त्यांच्यासाठी मला सांगता येणार नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले, माझ्याकडं वळल्या आणि विचारलं, तुले बासुंदी करता येते का वं? मी म्हटलं, हो. येत नव्हती. तर नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, यायले कमी देत जा.

उन्हाळ्यात लग्न झालं. सरांनी आहेर म्हणून एक कोरी वही दिली, तिला आधीच रकाने आखलेले होते. सासूबाई काही एका दिवसात संशोधक झाल्या नाहीत, असं समजू नका. म्हैस पुन्हा दूध द्यायला लागली तेव्हा साऱ्या गावाला सांगत सुटल्या की आमच्या सुनेचा पायगुण! सरांना हे कळलं तेव्हा ते भयंकर चिडले. त्यांनी मला फोनवर अर्धा तास सुनावलं, की हे तू ऐकून कसं घेतेस? मी म्हटलं, सर, मला चांगलं वाटते, राहू द्या. आणि खरंच वाटायचं.

सर आता रिटायर होऊन यवतमाळला राहतात. स्कूटर विकली. नवी गाडी एका बटणात सुरू होते, त्यामुळं सकाळी मोजायला काही उरलं नाही, अशी त्यांची तक्रार असते.

पण मला सांगायचं आहे ते लग्नानंतरच्या पहिल्या तुरीचं. थंडी सरत आली होती. खळ्यात मळणी होऊन तुरीची रास पडली होती. सासरे टेकायला काठी घेऊन उभे, माझा नवरा पोत्यांची तोंडं शिवत होता, मी राशीजवळ बसून माती निवडत होते. सासूबाई नेहमीप्रमाणं धुऱ्यावर, हातात पाण्याची कॅन. मी म्हटलं, या ना आई. दोनदा म्हटलं. सासरे काठी टेकत थोडे पुढं गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हणाले, ये.

त्यांनी कॅन खाली ठेवली. चपला काढल्या. एक पाय खळ्यात ठेवला, मग दुसरा. चालत चालत थेट राशीपर्यंत आल्या आणि तिथं नुसत्या उभ्या राहिल्या, पावलं तुरीत बुडवून. मग मला म्हणाल्या, सरांले फोन लाव.

मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. त्या मोठ्यानं म्हणाल्या, ‘सर, मी खळ्यात उभी हाय. काही झालं नाही.’

मला फोनमधून सरांचा आवाज ऐकू आला. विचारत होते, किती वेळ झाला?

‘झाले असन पाच मिनिटं.’

‘अजून उभ्या राहा,’ सर म्हणाले. ‘मी लिहून घेऊन राह्यलो.’

सासूबाई दिवस बुडेपर्यंत तिथंच उभ्या होत्या.